वाचकाचा जबाब

सिएनफ्वेगोसच्या त्या चिरूट-कारखान्यात
माझं काम एकच, उंच खुर्चीवर बसून वाचणं.
खाली दोनशे माणसं पानं वळायची,
वर मी पानं उलटायचो.
सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी.
पगार मालक देत नसे, तेच द्यायचे,
शनिवारी टोपी फिरवून.
आवडलं की पान कापायचं पातं फळीवर आपटत,
टाळ्यांहून कोरडा आवाज.

त्या मार्चात गास्पारची गोष्ट चालू होती.
गास्पारने देवळातला चांदीचा दिवा चोरला,
घरी तापलेलं पोर, खिशाला भोक.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात,
लेखकानं तर त्याला बाहेरही चांदणं दिलेलं,
भिंत ओलांडताना सबंध दीड पान.
ओब्दुलियाने तंबाखूच्या पिवळ्या बोटांनी डोळे पुसले,
मग डोळे चुरचुरले म्हणून पुन्हा रडली.
मुकादम फेर्मीन, ज्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं,
खांबाआड नाक शिंकरत होता.
मी विचारलं, सोडावं का याला न्यायाधीशानं?
दोनशे पाती एकदम वाजली.

गुरुवारी एउलालियो सापडला.
सदऱ्याखाली पानांची जुडी,
उंची, ओलसर, पोटाला चिकटलेली.
चांदणं नव्हतं. दुपारचे सव्वातीन,
दारात झडती, घामाचा वास,
आणि गास्पारसारखं त्याला बोलताही येईना.
"खाली पडली होती," एवढंच म्हणाला.
इतकं वाईट खोटं
कुठल्याही लेखकानं खोडलं असतं.

फेर्मीनने वहीतून नाव काढलं.
ओब्दुलिया म्हणाली, आपल्याच पोटावर पाय देणारा.
एक पातं वाजलं नाही.
आणि मी? मी वरून पाहिलं.
खुर्ची उंच असली की सगळं नीट दिसतं
आणि उतरायला वेळ लागतो.

शुक्रवारी गास्पारची गोष्ट संपली,
भोंग्याला अजून अर्धा तास होता.
पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान असतं,
बांधणीवाल्यानं सोडलेलं.
मी त्यावरून वाचायला लागलो.
गास्पारच्या कोठडीत एक माणूस आणला,
पोटाशी पानांची जुडी धरलेला.
त्याला आंधळी आई दिली,
चाळीस वर्षं चिरूट वळलेली,
आता बोटं वळत नाहीत,
मरण्याआधी एकदा चांगलं पान हुंगायचंय म्हणणारी.
गजांतून चांदणंही सोडलं. हात आखडता घेतला नाही.

ओब्दुलिया रडली. फेर्मीन रडला.
पाती अशी वाजली की माझीच खुर्ची हलली.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
नाव काय हो त्या माणसाचं?
मी पानाकडे पाहिलं.
जिभेवर होतं.
"लेखकानं दिलेलं नाही," मी म्हणालो.

शनिवारी टोपी कधी नव्हे इतकी जड.
तशीच घेऊन मी एउलालियोची गल्ली शोधली.
दाराला बाहेरून कडी.
गेला की पहाटेच्या बोटीनं, शेजारीण म्हणाली.
आणि त्याची आई?
आई कसली! अनाथालयातला तो.
मग पानं कुणासाठी?
विकायला. कोंबड्यांच्या झुंजीत हरला होता,
माझेही अकरा पेसो बुडवून गेला.

तिथं उभ्याउभ्या आधी वाटलं, बरं झालं पकडला.
मग लाज वाटली.
मग तिला अकरा पेसो मोजून दिले,
आणि ते कुणाच्या वतीनं दिले
हे आजही ठरत नाही.

सोमवारी नवी कादंबरी घेतली.
जुनी अजून माझ्याकडेच आहे.
कोऱ्या पानावर घामेजल्या अंगठ्याचा ठसा उमटलाय.
जबाबाखाली सही हवी असेल,
तर तोच घ्या.